ज्या फोल्डरात ठेवाल, तिथून चालणारा स्लाइडशो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाळवा तालुक्यातल्या तुमच्या गावच्या वाचनालयाने घराघरांतून जुने फोटो मागून घेऊन स्कॅन केलेत, साधारण तीनशे. लग्नं, बेंदूर, भजनी मंडळ, कुस्त्या, पूर असे त्यांचे वेगवेगळे फोल्डर आहेत. वर्धापनदिनाला ते पडद्यावर दाखवायचेत, पण लॅपटॉप कुणाचा मिळणार हे आदल्या दिवसापर्यंत ठरत नाही आणि हॉलमध्ये इंटरनेट नाही. नंतर हाच संच पेन ड्राइव्हवर घालून पुण्या-मुंबईच्या गावकऱ्यांना द्यायचाय. म्हणून काही इन्स्टॉल न करता, फोल्डर कुठेही हलवला तरी स्लाइडशो चालला पाहिजे, आणि उद्या कुणी आणखी चार फोटो आणून दिले तर ते तुमचे तुम्हाला घालता आले पाहिजेत.

सांगलीत जुने फोटो स्कॅन करणं आणि समारंभात ते दाखवणं हेच माझं काम असल्यामुळे सरळ उत्तर देतो. फोटो आहेत तसेच साध्या जेपीजी फाइल म्हणून राहू द्या आणि त्यांच्या शेजारी एक छोटी एचटीएमएल फाइल, म्हणजे एक वेबपान, ठेवा. ती डबल क्लिक केली की ब्राउझरमध्ये उघडते आणि शेजारचे फोटो एकामागून एक दाखवते. ब्राउझर प्रत्येक लॅपटॉपवर असतोच. इंटरनेट लागत नाही, कारण पान आणि फोटो दोन्ही त्याच पेन ड्राइव्हवर असतात.

दुसरे मार्ग का नकोत तेही सांगतो. पॉवरपॉइंटच्या 'फोटो अल्बम'ने काम होतं, पण फोटो त्या एका फाइलच्या पोटात जातात. नवा फोटो घालायला पुन्हा पॉवरपॉइंटच लागतं, आणि ज्याला तो फोटो छापून घ्यायचाय त्याला तो सहजासहजी बाहेर काढता येत नाही. एमपी४ व्हिडिओ टीव्हीवर उत्तम चालतो, पण एक फोटो वाढला की अख्खा व्हिडिओ पुन्हा करावा लागतो. इरफानव्ह्यू हा १९९६पासून चालत आलेला चांगला प्रोग्रॅम आहे आणि त्यात स्लाइडशोची थेट ईएक्सई फाइल करता येते. पण ती फक्त विंडोजवर चालते, आणि पेन ड्राइव्हवरून आलेली अनोळखी ईएक्सई म्हटली की बरेच अँटिव्हायरस तिला अडवतात. ऐन कार्यक्रमात ती परवानगी कोण देणार? या सगळ्यांपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की प्रोग्रॅम येतात आणि जातात, साधी जेपीजी मात्र तुमच्या नातवंडांनाही उघडता येईल. फोटो कुठल्याही प्रोग्रॅमच्या आत कोंडू नका.

आता 'कुठल्याही फोल्डरमधून' या तुमच्या अटीकडे येतो. असे स्लाइडशो जिथे फसतात ती जागा बहुतेक वेळा एकच असते: पानाच्या आत फोटोचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. डी ड्राइव्ह, मग अमुक फोल्डर, मग तमुक फोटो. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर तो बरोबर असतो. पेन ड्राइव्ह दुसऱ्या लॅपटॉपला लावला की तो तिथे ई होतो, तिसऱ्यावर एफ, आणि सगळे फोटो गायब. म्हणून पानात ड्राइव्हचं अक्षर कुठेही येता कामा नये. पत्ता म्हणून नुसतं फोटोच्या फाइलचं नाव लिहायचं. 'लक्ष्मी रोड, अमुक पेठ' असं न सांगता 'माझ्या शेजारच्याच घरात' म्हणावं, तसं. ब्राउझर ते नाव पान ज्या फोल्डरात आहे तिथेच शोधतो, मग तो फोल्डर डेस्कटॉपवर असो, पेन ड्राइव्हवर असो नाहीतर पुण्यातल्या कुणाच्या मॅकवर असो. फोटो आतल्या फोल्डरात असतील तर फोल्डरचं नाव, तिरकी रेघ, फाइलचं नाव. ही रेघ उजवीकडे झुकणारी घ्या, म्हणजे फॉरवर्ड स्लॅश. विंडोजची उलटी रेघ सगळीकडे चालेलच असं नाही.

याचा एक छान फायदा असा, की तेच पान न बदलता 'लग्नं'मध्ये टाका, 'पूर'मध्ये टाका, 'कुस्त्या'मध्ये टाका, प्रत्येक ठिकाणी ते तिथलेच फोटो दाखवतं. स्वतः कुठे उघडलंय तो पत्ता पानाला माहीत असतो, म्हणून सुरुवातीच्या पडद्यावर फोल्डरचं नाव शीर्षक म्हणून आपोआप आणता येतं. मराठी नाव त्या पत्त्यात टक्क्यांची चिन्हं आणि आकडे अशा रूपात येतं. पान ज्या भाषेवर चालतं त्या जावास्क्रिप्टमध्ये ते परत मूळ अक्षरांत आणण्याची सोय आहे, पान करणाऱ्याला तेवढं सांगा.

खरी अडचण पुढे आहे. फोल्डरात कोणकोणत्या फाइली आहेत हे पानाला स्वतःहून कळत नाही. ब्राउझर सुरक्षेसाठी मुद्दामच ते दिसू देत नाही, नाहीतर कुठलंही पान तुमचा कॉम्प्युटर चाळत बसेल. ही अडचण सोडवायच्या तीन वाटा आहेत. तिन्ही मी वापरतो, पण वेगवेगळ्या कामांसाठी.

पहिली वाट आकड्यांची. सगळ्या फोटोंना एकच नाव आणि क्रमांक द्यायचा. विंडोजमध्ये हे सोपं आहे: फोल्डरातले सगळे फोटो निवडा, एफ२ दाबा, 'फोटो' असं नाव द्या आणि एंटर करा. विंडोज स्वतःच प्रत्येकाला कंसात एक, दोन, तीन असा आकडा लावतं. पान कंसातल्या एकपासून सुरू करतं, पुढचा आकडा मागत जातं, आणि एखादा सापडला नाही की संपलं समजून पहिल्यावर परत येतं. यादी लागत नाही, काहीच लागत नाही. गणपतीच्या मांडवात दिवसभर फिरणाऱ्या फोटोंना हे पुरतं. तुमच्या कामाला मात्र पुरणार नाही, कारण यात फोटोचं स्वतःचं नाव पुसलं जातं, आणि जुन्या फोटोची खरी किंमत त्याच्या नावातच असते.

दुसरी वाट यादीची, आणि तुम्हाला मी हीच सुचवतो. फोल्डरात एक छोटी बॅच फाइल ठेवायची, म्हणजे आत लिहिलेल्या आज्ञा ओळीने चालवणारी विंडोजची साधी फाइल. नवे फोटो घातले की तिच्यावर डबल क्लिक करायचं, आणि ती फोल्डरातल्या सगळ्या जेपीजींची नावं एका यादीच्या फाइलमध्ये लिहून ठेवते. पान ती यादी वाचून फोटो दाखवतं. बॅच फाइल कॉम्प्युटर शिकलेला कुणीही पाच-सहा ओळींत लिहील, पण त्याला चार गोष्टी नक्की सांगा.

सुरुवातीलाच सीएचसीपी ६५००१ ही आज्ञा हवी. त्यामुळे नावं युनिकोडमध्ये, म्हणजे मराठीसह सगळ्या लिप्या साठवणाऱ्या पद्धतीत, लिहिली जातात. नाहीतर 'बेंदूर'च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येईल. मग बॅचने स्वतःच्या फोल्डरात जायचं. त्यासाठी टक्का, टिल्ड, डी, पी, शून्य ही पाच चिन्हं सलग लिहितात, आणि त्यांचा अर्थच 'ही बॅच फाइल जिथे आहे ती जागा' असा आहे. हे गाळलं आणि कुणी ती फाइल 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने चालवली तर ती विंडोजच्याच सिस्टीम फोल्डरात फोटो शोधायला लागते. तिसरं म्हणजे प्रत्येक नाव दुहेरी अवतरणचिन्हांत लिहायचं. विंडोज फाइलच्या नावात हे चिन्ह चालूच देत नाही, त्यामुळे नावातलं चिन्ह आणि आपण घातलेलं चिन्ह यांची गल्लत होत नाही. आणि चौथी गोष्ट, जी चांगल्या जाणत्या मुलांच्याही नजरेतून सुटते: यादीची फाइल जावास्क्रिप्टची, म्हणजे डॉट जेएस हवी. जेसॉन (माहिती साठवायचा एक प्रकार) किंवा साधी टेक्स्ट फाइल केली तर पानाला ती मागाहून वाचावी लागते, आणि थेट डिस्कवरून उघडलेल्या पानाला शेजारची फाइल अशी वाचायला क्रोम आणि एज परवानगी देत नाहीत. फायरफॉक्सनेही २०१९पासून ते बंद केलं. स्क्रिप्ट म्हणून जोडलेली फाइल मात्र सगळीकडे चालते. घरी सर्व्हरवर चाचणी घेतली तर जेसॉनही व्यवस्थित चालतं, त्यामुळे ही चूक हॉलमध्ये पोहोचेपर्यंत दिसत नाही.

क्रम लावायचं काम बॅचवर सोडू नका, पानात करा. पेन ड्राइव्हवर फाइली बहुधा ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने मिळतात, आणि नुसत्या अक्षरक्रमाने लावल्या तर एकनंतर दहा येतो आणि मग दोन. जावास्क्रिप्टमध्ये आकडे आकड्यांसारखे मोजून क्रम लावायची सोय आहे, ती वापरायला सांगा.

ही बॅच फक्त तुमच्यासाठी आहे, फोटो बदलले तरच चालवायची. गावकऱ्यांना द्यायच्या पेन ड्राइव्हवर ती ठेवू नका. पाहणाऱ्यांना लागतं ते पान, यादी आणि फोटो एवढंच.

तिसरी वाट फोल्डर निवडण्याची. पानावर 'फोल्डर निवडा' असं बटण ठेवायचं. ते दाबून कुठलाही फोल्डर दाखवला की पान त्यातले आणि त्याच्या आतल्या सगळ्या फोल्डरांतले फोटो चालवतं. पान एकीकडे आणि फोटो दुसरीकडेच असले तरी चालतं, म्हणून यादी सापडली नाही तर हे बटण आपोआप दिसेल अशी योजना ठेवा. एक सूचना आधीच देऊन ठेवा. फोल्डर निवडल्यावर क्रोम विचारतो, 'या साइटवर इतक्या फाइल अपलोड करायच्या का?' ते वाचून लोक घाबरतात आणि रद्द करतात. प्रत्यक्षात काहीही कुठे जात नाही, पान तुमच्याच डिस्कवर आहे आणि इंटरनेट बंद असतानाही ते चालतं. बटणाखाली मराठीत तसं लिहा.

आता फोटोंच्या नावांकडे वळतो. वेळ खर्च करायचा असेल तर तो इथे करा.

नाव असं ठेवा: तीन आकडी क्रमांक, मग मोकळी जागा, मग ठिकाण किंवा प्रसंग, माहीत असतील तर माणसं, शेवटी साल. '०४७ कुंडल कुस्ती मैदान १९५८' असं. फक्त फाइलच्या नावातले आकडे इंग्रजी कळांवरचे घ्या, दोन्ही प्रकारचे मिसळले तर क्रम बिघडतो. पान क्रमांक आणि डॉट जेपीजी बाजूला काढून उरलेलं नाव फोटोखाली मथळा म्हणून दाखवतं. वेगळी मथळ्यांची फाइल नको, की फोटो एकीकडे आणि माहिती दुसरीकडे असं होणं नको. कुणी एकच फोटो उचलून व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरी त्याची ओळख त्याच्याबरोबर जाते. साधा फोटो म्हणून पाठवला तर नाव बदलतं, हेही लोकांना सांगा.

तारखेने क्रम लावायचा विचार सोडून द्या. स्कॅन केलेल्या फाइलवर स्कॅन केल्याची तारीख असते. १९५२चं लग्न आणि १९८५चा सत्कार एकाच दुपारी स्कॅन झाले असतील तर कॉम्प्युटरच्या लेखी दोन्ही एकाच दिवसाचे. खरं साल नावातच लिहावं लागतं. ते शोधायला फोटोची मागची बाजू पाहायला विसरू नका. स्टुडिओचा शिक्का असतो, कधी पेन्सिलीने लिहिलेली दोन नावं असतात. आपल्या भागापुरती एक खूण उपयोगी पडते: पत्त्यात 'जि. दक्षिण सातारा' असेल तर फोटो बहुधा १९४९ ते १९६० या काळातला. आपला जिल्हा १९४९मध्ये सातारा जिल्ह्यातून वेगळा झाला तेव्हा त्याचं नाव दक्षिण सातारा होतं, सांगली हे नाव त्याला १९६०मध्ये मिळालं. लिखाण असलेली प्रत्येक मागची बाजूही स्कॅन करा आणि तिला तोच क्रमांक देऊन पुढे 'मागे' असं लिहा.

मराठी नावं बिनधास्त द्या, पण युनिकोडमध्येच. डीटीपीवाल्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर इथे चिकटवला तर भलतीच अक्षरं दिसतील. विंडोजमध्ये मंगल किंवा निर्मला हे मराठी फॉन्ट मुळातच असतात, त्यामुळे युनिकोड मथळे दिसायला काही वेगळं करावं लागत नाही. पानाच्या पहिल्याच ओळींत ते यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) असल्याचं लिहिलेलं असावं, एवढं पाहा.

एक अडचण आपल्याकडे हमखास येते. 'कऱ्हाड' हे नाव घ्या. त्यातला 'ऱ्ह' दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना सगळे सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला मात्र ती वेगवेगळी नावं वाटतात. त्यातच जुन्या मॅकची डिस्क 'ऱ' हे अक्षर फोडून 'र' आणि खालचा नुक्ता असं साठवते. अशा डिस्कवरून फोटो परत पेन ड्राइव्हवर आले की यादीतलं नाव आणि फाइलचं नाव जुळत नाही, आणि 'कऱ्हाड'चा तेवढा फोटो दिसत नाही. उपाय साधा आहे: यादी हाताने कधीही लिहू नका, फोटो कुठूनही परत आले की बॅच पुन्हा चालवा. हॅश आणि टक्का ही दोन चिन्हं नावात टाळा. वेबपत्त्यात त्यांना वेगळा अर्थ आहे, आणि पानात त्याची काळजी घेतलेली नसेल तर तो फोटो उघडत नाही. आणि कॅपिटल-स्मॉलचा फरक विंडोज मानत नाही, लिनक्स मानतो. यादी बॅचनेच केली तर तोही प्रश्न मिटतो.

आकाराबद्दल. चार बाय सहा इंची फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके घेऊन, स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल होतात. टिफ, म्हणजे दर्जा न घटवता साठवलेली फाइल असेल तर ती साधारण २६ एमबी. टिफ क्रोममध्ये दिसत नाही, आणि दिसली असती तरी उसन्या लॅपटॉपला ती झेपली नसती. फुल एचडी पडदा १९२० बाय १०८० पिक्सेलचा, म्हणजे जेमतेम वीस लाख ठिपके. त्यासाठी लांब बाजू १९२० पिक्सेल आणि दर्जा ८५च्या आसपास ठेवून जेपीजी करा. इरफानव्ह्यूमध्ये 'बी' कळ दाबली की शेकडो फोटोंचं हे काम एका वेळी होतं. एकेक फोटो साधारण अर्ध्या एमबीचा होईल, म्हणजे तीनशे फोटो दीडशे एमबीच्या आसपास. कुठलाही पेन ड्राइव्ह पुरेल आणि दहा वर्षं जुना लॅपटॉपही अडखळणार नाही.

पण मूळ टिफ पुसू नका. छापायला, डागाळलेला भाग दुरुस्त करायला, एखाद्याचा चेहरा मोठा करायला तीच लागते. ती वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि दुसरी प्रत कृष्णाकाठापासून दूर, कुणा पुणेकर गावकऱ्याच्या घरी. २००५ आणि २०१९च्या पुरांत आपल्या भागात कपाटंच्या कपाटं पाण्याखाली गेली. चिखलात चिकटलेल्या अल्बममधून फोटो सोडवायचं काम ज्यांनी केलंय त्यांना दुसरी प्रत का हवी हे समजावून सांगावं लागत नाही.

मोबाइलवर काढलेले फोटो यात घालणार असाल तर दोन गोष्टी पाहा. आयफोन २०१७पासून एचईआयसी प्रकारात फोटो साठवतो, ते क्रोममध्ये दिसत नाहीत, त्यांचं जेपीजी करून घ्या. आणि आडवे पडलेले फोटो इरफानव्ह्यूमध्ये दर्जा न घटवता फिरवता येतात, ते आधीच करून ठेवा. नवे ब्राउझर फोटो आपोआप उभा करतात, पण २०२०पूर्वीचे करत नाहीत, आणि उसना लॅपटॉप किती जुना असेल हे तुमच्या हातात नाही.

पडद्यावर फोटो कसा दिसावा यावर माझं मत पक्कं आहे. फोटो कधीही पडदा भरण्यासाठी कापू नका. पान करणाऱ्याला सांगा, 'कंटेन' (अख्खा फोटो पडद्यात मावेल असा) ठेव, 'कव्हर' नको. 'कव्हर'मध्ये पडदा भरून सुंदर दिसतो, पण शाळेच्या किंवा तालमीच्या गटाच्या फोटोत कडेला उभी असलेली माणसं कापली जातात. तो कडेचाच माणूस कुणाचा तरी आजोबा असतो आणि त्याचा दुसरा फोटो कदाचित जगात नसतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या. हळूहळू झूम होणारा, सरकणारा फोटोही नको, त्याने चेहरे नीट पाहता येत नाहीत. एक फोटो विरत दुसरा येणं एवढं पुरे.

वेळ सात ते आठ सेकंद ठेवा. तीनशे फोटो सात सेकंदांनी पस्तीस मिनिटं होतात, एका बैठकीला तेवढं बरोबर आहे. पण स्पेस बार दाबली की फोटो थांबला पाहिजे, आणि बाणांच्या कळांनी मागेपुढे जाता आलं पाहिजे. ही सोय सगळ्यात आधी मागा, कारण गावात असे फोटो लागले की लोक गप्प बसून बघत नाहीत. "अरे थांब, थांब, मागचा लाव, ती आमची आत्या आहे." असं दर दोन मिनिटांनी होणार, आणि व्हायलाच हवं.

त्याचसाठी पडद्याच्या कोपऱ्यात फोटोचा क्रमांक कायम दिसू द्या. हा क्रमांक फाइलच्या नावातला असावा, कितवा फोटो चाललाय तो नव्हे. नवे फोटो आले की कितवा हे बदलतं, नावातला क्रमांक बदलत नाही. वहीत काय लिहायचंय? "०४७, डावीकडून तिसरे, फेटा बांधलेले, अमक्यांचे चुलते." पुढच्या रांगेत म्हाताऱ्या माणसांना बसवा आणि शेजारी वही-पेन घेतलेला एक मुलगा किंवा मुलगी. कार्यक्रम संपेपर्यंत तुम्हाला जेवढी नावं मिळतील तेवढी वर्षभर घरोघर फिरून मिळणार नाहीत. नव्वदीतली माणसं एकत्र बसवायची संधी वारंवार येत नाही. पुढच्या आठवड्यात ती नावं फाइलींच्या नावांत घाला आणि बॅच चालवा. मथळे आपोआप सुधारतील. वाटायचे पेन ड्राइव्ह कार्यक्रमानंतरच भरा, असं म्हणतो ते यासाठी.

याच कारणाने मागे गाणी लावू नका. लोकांना बोलायचं असतं. तरीही लावणार असाल तर पान उघडताक्षणी आवाज सुरू होणार नाही. २०१८पासून क्रोम वापरणाऱ्याने काही दाबल्याशिवाय आवाज वाजू देत नाही. पूर्ण पडद्यालाही तोच नियम आहे. म्हणून पहिल्या पडद्यावर 'सुरू करा' असं एक मोठं बटण ठेवा आणि त्याच एका दाबण्यात पूर्ण पडदा, आवाज आणि स्लाइडशो तिन्ही चालू करा.

पेन ड्राइव्ह लावताच स्लाइडशो आपोआप सुरू व्हावा असं बऱ्याच जणांना वाटतं. ते होणार नाही. त्या सोयीतून व्हायरस पसरत होते, म्हणून मायक्रोसॉफ्टने विंडोज ७मध्ये पेन ड्राइव्हसाठी ती बंद केली आणि २०११मध्ये जुन्या विंडोजसाठीही. एक डबल क्लिक करावाच लागेल. तो कुठे करायचा हे कळावं म्हणून पानाच्या फाइलचं नाव शून्याने सुरू करा, '० इथे क्लिक करा' असं, म्हणजे ती यादीत सगळ्यात वर राहते.

लोकांकडून येणाऱ्या तक्रारींत पहिला नंबर झिपचा. फोल्डर झिप करून पाठवला आणि समोरच्याने तो न सोडवता झिपच्या आतच डबल क्लिक केलं, तर विंडोज फक्त ते पान तात्पुरत्या जागी काढून उघडतं. फोटो झिपमध्येच राहतात आणि पान रिकामं दिसतं. 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करायला सांगा, पण त्यापेक्षा झिप टाळलेलीच बरी. दुसरी तक्रार मोबाइलची. अँड्रॉइडवर फाइल मॅनेजरमधून एचटीएमएल उघडली की ब्राउझरला ती एकच फाइल मिळते, शेजारचे फोटो मिळत नाहीत. मोबाइलवाल्यांसाठी निवडक तीस-चाळीस फोटो पानाच्या आतच भरून एकच फाइल करता येते. आकार एक तृतीयांशाने वाढतो, पण ती कुठेही चालते. नाहीतर त्यांना सरळ व्हिडिओ करून द्या. टीव्हीचं म्हणाल तर यूएसबीला पेन ड्राइव्ह लावल्यावर टीव्ही हे पान उघडणार नाही, तो स्वतःच्या पद्धतीने जेपीजी दाखवेल, बहुधा नावाच्या क्रमाने. क्रमांक तीन आकडी ठेवायला सांगितला त्याचं हेही कारण. काही जुन्या टीव्हींना 'प्रोग्रेसिव्ह' (धूसर ते स्पष्ट असे टप्प्याटप्प्याने उघडणारे) जेपीजी उघडत नाहीत, म्हणून जेपीजी करताना ती खूण काढून टाका. आणि पेन ड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट करा, जुन्या टीव्हींना तेच कळतं.

मॅकवर पेन ड्राइव्ह फिरून आला की त्यात प्रत्येक फोटोच्या नावाची, पण आधी टिंब आणि अधोरेघ असलेली, एक छोटी फाइल तयार झालेली असू शकते. ती फोटो नसते. बॅचने तिलाही यादीत घेतलं तर पडद्यावर तुटका चौकोन येतो. पानाला सांगून ठेवा: टिंबाने सुरू होणारी नावं सोडून दे, आणि जो फोटो उघडत नाही तो गुपचूप ओलांडून पुढे जा.

पान नोटपॅडमध्ये साठवताना ते डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी होत नाही ना, हे पाहा. विंडोज शेवटचा भाग लपवतं, त्यामुळे नाव बरोबर दिसतं आणि डबल क्लिक केल्यावर नुसता मजकूर उघडतो. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन फाइल एक्स्टेंशन दिसू द्या.

आदल्या दिवशीची चाचणी अशी घ्या. सगळा फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा. मग घरच्या कॉम्प्युटरवरच्या मूळ फोल्डरचं नाव बदला. हे केलं नाही तर पान गुपचूप जुन्याच जागेचे फोटो दाखवत राहील आणि चूक लपेल. वायफाय बंद करा. पेन ड्राइव्हवरचा फोल्डर दुसऱ्या फोल्डरच्या आत हलवा, त्याचं नाव मराठीत ठेवा, मधे मोकळी जागा असू द्या, आणि तिथून चालवा. नंतर शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर चालवा. शेवटचा फोटो संपून पहिल्यावर परत येतोय का ते पाहायला पूर्ण पस्तीस-चाळीस मिनिटं बसा, त्यातच लॅपटॉप मधेच झोपतोय का तेही कळेल. झोपत असेल तर पॉवर सेटिंगमध्ये स्क्रीन बंद होण्याची वेळ 'नेव्हर' करा. कार्यक्रमात चार्जर लावलेला असू द्या, आणि पेन ड्राइव्हवरून थेट चालवण्याऐवजी फोल्डर त्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर कॉपी करून तिथून चालवा. मधेच कुणाचा हात लागून पेन ड्राइव्ह निघाला तरी काही थांबणार नाही.